वयाची अट गेली, अंगठा कधी जाणार?

बचत गटाच्या ठरावावर सह्या घेताना अजूनही शाईचं पॅड पुढे सरकवावं लागतं. शिकायला चला म्हटलं की आमच्या यवतमाळकडच्या आयाबाया विचारतात, "आता या वयात कायले वो ताई?"

त्यांचंही खरंच आहे. 1988 च्या राष्ट्रीय साक्षरता मिशनचा भर 15 ते 35 वयोगटावर होता. पस्तिशी उलटलेली बाई हिशेबातच नव्हती! 2009 च्या 'साक्षर भारत'ने वरची वयोमर्यादा काढली; पण जिल्हे निवडताना 2001 च्या जनगणनेत प्रौढ स्त्री-साक्षरता 50 टक्के किंवा त्याहून कमी, ही मुख्य अट ठेवली. म्हणजे बाईची गरज नंतर, जिल्ह्याची टक्केवारी आधी. ती योजना 2018 मध्ये संपली.

आता 2022 ते 2027 साठी नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे 'उल्लास' आहे. वय 15 च्या पुढे कितीही चालतं. वाचन, लेखन, संख्याज्ञानाची 150 गुणांची परीक्षा होते. देशभरासाठी तरतूद 1,037 कोटी 90 लाखांची, त्यात 700 कोटी केंद्राचे, बाकी राज्यांचे. शिकवणारे मात्र स्वयंसेवक, बिनमानधनाचे. इथंच घोडं अडतं. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला रात्री फुकट शिकवायला कोण येणार?

मैत्रिणींनो, मानधनाची मागणी ग्रामसभेत लावून धरूच. तोवर दहावी झालेल्या सुनेने सासूला शिकवावं. गावच्या शाळेत दोघींची नावं नोंदवा. बँकेची स्लिप स्वतः भरता आली, की पैशाचा हिशेबही कुणाला विचारावा लागत नाही.