जुनें घर घेण्यापूर्वी

शिरूर घोड नदीच्या कांठीं वसलें आहे, तर दौंड भीमेच्या. शिरूर तालुक्यांत रांजणगांवची औद्योगिक वसाहत आहे, दौंड तालुक्यांत कुरकुंभची. शिवाय दौंड हें रेल्वेचें जंक्शन. नोकरीनिमित्त आलेल्या बिऱ्हाडांना येथें भाड्याची जागा लागते. म्हणून जुनें घर घ्यावें, डागडुजी करून भाड्यानें द्यावें किंवा विकावें, असा बेत पुष्कळांच्या मनांत येतो. बेत वाईट नाहीं. परंतु त्यांत बहुधा आयुष्याची पुंजी गुंतते.

पहिली पाहणी घराची नव्हे, दप्तराची. वडिलोपार्जित घराला वारस अनेक असतात. विक्रीखतावर एकाची सही राहिली, तर दुरुस्त केलेलें घर कोर्टांत अडकतें. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील गेल्या ३० वर्षांच्या नोंदी वकिलाकडून तपासून घ्याव्या.

दुसरी पाहणी ओलीची. मातींत बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला, कीं आंतली ओल कोंडते आणि गिलावा फुगून सुटतो. आधीं छप्पर व पन्हळ दुरुस्त करावीं, मग चुन्याचा गिलावा द्यावा. चुना ओल बाहेर जाऊं देतो.

तिसरी गोष्ट कराराची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणें भाडेकरार लेखी व नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयीं भाडेकरूचेंच म्हणणें ग्राह्य धरतात.

रंगाचा विचार या सर्वांनंतर करावा.