कागदावरचं वाळूज

वाळूजची गोष्ट 1985 पासून सांगायची आपल्याला सवय लागली आहे. त्या वर्षी बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याआधी जणू इथं नुसतं माळरान होतं! पण खाम नदीकाठचं हे गंगापूर तालुक्यातलं ज्वारी-बाजरीचं, कापसाचं गाव. त्याचं विसावं शतक नीट वाचायचं तर कारखान्यांच्या पाट्या सोडून जमिनीचे कागद उघडावे लागतात. नाव कुणाचं चढलं आणि कुणाचं राहून गेलं, ते तिथं दिसतं.

निजामाच्या काळी दफ्तर उर्दूत. दिवाणी मुलखात पट्टा रयतेच्या नावे, जहागिरीत सारा जहागीरदाराकडे. औत धरणारा मात्र कितीदा तरी कूळ, बटाईदार नाहीतर सालगडी असे. पटवाऱ्यानं काय लिहिलं हे त्याला वाचता येत नव्हतं.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानावर पोलीस कारवाई झाली, 1949 साली जहागिऱ्या गेल्या, 1950 साली हैदराबादचा कूळ कायदा आला. मग 1954-55 ची खासरा पाहणी, म्हणजे कुठली जमीन कुणाच्या ताब्यात आहे याची नोंद. मराठवाड्यात जमिनीचा वाद उभा राहिला की जाणते लोक आजही आधी खासरा काढायला सांगतात. त्या नोंदीत ज्याचं नाव लागलं तो तरला. पाहणीआधीच ज्याला शेतातून उठवलं होतं, त्याच्या हाती कायदा असून काही पडलं नाही. माझ्या मते शतकातला खरा निवाडा इथंच झाला.

1972 चा दुष्काळ आला तेव्हा पट्टेदार आणि मजूर एकाच कामावर गेले. खडी फोडणं, पाझर तलाव, नाला बंडिंग. खायला मिलो आणि सुकडी. मे 1973 मध्ये राज्यभर सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. जन्मभर घरच्या रानात राबूनही ज्यांचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं, त्यांचं नाव हजेरीच्या मस्टरवर आलं. मला ही नोंद कुठल्याही उद्घाटनाच्या कोनशिलेपेक्षा मोलाची वाटते.

जायकवाडी धरण 1976 साली पुरं झालं. गंगापूर तालुक्यातली गोदाकाठची गावं पाण्याखाली गेली, कालवे मात्र पैठणहून खाली निघाले. नाथसागराचं, म्हणजे या धरणाच्या जलाशयाचं, पाणी वाळूजकडे आलं ते पाइपातून, कारखान्यांसाठी. कोरडवाहू रानाला पाणी नाही आणि दुष्काळाची आठवण ताजी, अशा वेळी एमआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीसाठी जमीन संपादनाच्या नोटिसा आल्या. शेतकऱ्यानं जमीन सहज सोडली असं म्हणणाऱ्यांनी या दोन गोष्टी विसरू नयेत.

एमआयडीसीच्या हद्दीबाहेर रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूरच्या रानांत पुढं छोटे कारखाने उभे राहिले. त्यांच्या पत्त्यांत अजून शेताचा गट नंबर असतो.

संपादनाचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. सालगड्याचं काम गेलं, त्याचा हिशेब कुठंच नव्हता. बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची चाल होतीच. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं 1994 साली दिला, तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींनाच. वाळूजची मोठी संपादनं तेव्हा उरकून गेली होती.