पेन्सिलीआधी कणकेचा गोळा

“डॉक्टर, याच्या हातात ताकदच नाही बघा. ‘अ’ गिरवायला बसवलं की दोन मिनिटांत हात दुखतो म्हणतो. एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या.” जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की साडेतीन-चार वर्षांच्या मुलांच्या आया हे गाऱ्हाणे घेऊन दवाखान्यात येतात. मुलाला तपासावे, तर वजन-उंची वयाला साजेशी असते. आमचे बोलणे चालू असताना स्वारी स्टुलावर चढून वजनकाट्याशी खेळत असते. अशा मुलाला टॉनिकची गरज नसते. त्याला हवे असलेले औषध घरातल्या पिठाच्या डब्यात असते. ते कसे, हे आज पाहू.

हात केव्हा तयार होतो?

आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती हाडे नसून मऊ कूर्चा असते, त्यामुळे तान्ह्या बाळाच्या एक्स-रेमध्ये ती दिसतच नाहीत. पुढे एकेक करून ती टणक होत जातात. चार वर्षांच्या मुलात साधारण निम्मीच दिसतात आणि शेवटचे हाड दिसायला नऊ ते बारा वर्षांचे वय उजाडते. हाडांबरोबरच तळहाताचे बारीक स्नायू आणि डोळा व हात यांचा मेळही हळूहळूच पक्का होतो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटे, असा हा क्रम आहे.

सर्वसाधारणपणे वर्षाच्या आसपास मूल अंगठा व तर्जनीच्या चिमटीत चुरमुरा उचलते. दीड वर्षाचे झाले की रेघोट्या ओढते. दोन वर्षांचे मूल पाहून उभी रेघ काढते, तीन वर्षांचे गोल, चार वर्षांचे अधिकचे चिन्ह, साडेचार-पाचचे चौकोन आणि पाचच्या सुमारास त्रिकोण काढते. दोन-चार महिने मागेपुढे झाले तर काळजी नसावी.

आता आपला ‘अ’ पाहा. त्यात दोन अर्धगोल, एक आडवी रेघ, एक उभा दांडा आणि वरची शिरोरेघ आहे. ज्याला नुकताच कुठे गोल काढता येऊ लागला आहे, त्याच्याकडून आपण पानभर ‘अ’ मागतो. हात दुखणारच! मुलाला वाटते, ‘आपल्याला हे जमत नाही.’ मग वहीचीच नव्हे, तर शाळेचीही धास्ती बसते आणि सकाळी पोट दुखू लागते. त्या पोटदुखीचे कारण पोटात नसते, वहीत असते.

ही समज आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवल्या. तिथे महागडी साधने नव्हती. पाने, बिया, शंख-शिंपले, खडे, माती यांतूनच मुलांचे हात आणि डोके कामाला लावले जाई. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही या वयासाठी खेळातून शिकण्यावरच भर दिलेला आहे. तेव्हा घरच्या घरी काय करता येईल?

पाच सोपे उद्योग

१. कणकेचे काम : पोळ्या करताना लिंबाएवढा गोळा मुलाला द्या. त्याच्या गोळ्या, वळकट्या, साप, चकल्या करू द्या. तळहाताचे आणि अंगठ्याचे स्नायू यासारखे दुसऱ्या कशाने बळकट होत नाहीत. गोळा दोन-तीन दिवस टिकवायचा असेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे पाणी घालून मळावा व झाकून ठेवावा. मात्र जे मूल अजून सर्व काही तोंडात घालते त्याला हा खारट गोळा देऊ नये. एवढे मीठ पोटात जाणे घातक आहे. त्याला साधी कणीकच बरी.

२. फाडणे व चिकटवणे : जुन्या कागदाचे दोन्ही हातांच्या चिमटीने तुकडे करणे हा उत्तम व्यायाम आहे. हा अंक वाचून झाल्यावर त्याचाही उपयोग करा. फक्त नंतर हात धुवायला लावा, कारण छपाईची शाई हाताला लागते. पाटीवर खडूने मासा किंवा पान काढून द्यावे आणि मुलाने त्यात तुकडे चिकटवावेत. मैदा पाण्यात शिजवून केलेली खळ पुरते.

३. ठसे : भेंडीचा देठाकडचा काप म्हणजे तयार फूल. बटाटा अर्धा कापून त्यावर आपण नक्षी कोरून द्यावी. रंगासाठी पाण्यात कालवलेली हळद, बिटाचा रस, पालकाचा रस वापरावा. अंगावरचे कपडे जुने असावेत, म्हणजे आईचा रागही आवरतो.

४. ओवणे : बुटाच्या नाडीचे टोक कडक असते, त्यामुळे सुई लागत नाही. बांगड्या, रिकाम्या रिळा, जाड पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या चकत्या त्यात ओवाव्यात. एका हाताने धरायचे आणि दुसऱ्याने ओवायचे, ही दोन हातांची जोडी पुढे वही धरून लिहिताना कामी येते.

५. कातरकाम : तीन-साडेतीन वर्षांनंतर बोथट टोकाची लहान कात्री द्यावी, पण आपण शेजारी बसून. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचा कागद जाड असतो, तो पातळ कागदापेक्षा सोपा जातो. आधी नुसते काप, मग सरळ रेघ, मग वळण.

याशिवाय मटार सोलणे, ओला रुमाल पिळणे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणे ही कामेही हाताला वळण लावतात. आजीबरोबर वाती वळणे हा तर फुकटचा व्यायामवर्ग आहे.

रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मूल कंटाळले की थांबावे. त्याचा हत्ती उंदरासारखा दिसला तरी तो हत्तीच. आपण हातात घेऊन ‘नीट’ करून देऊ नये. शेजारच्या मुलीच्या हत्तीशी तुलना तर मुळीच नको.

हे सांभाळा

शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी, गोट्या, बटणे ही तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत. अख्खी तोंडात मावेल अशी कोणतीही वस्तू घशात अडकू शकते. कडधान्य नाकात गेले तर ओलाव्याने फुगते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचे पाणी येत असेल तर ती सर्दी समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

वस्तू घशात अडकून मुलाला खोकता, रडता वा श्वास घेता येत नसेल, तर मूल वर्षाहून मोठे असल्यास त्याला पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. वस्तू न निघाल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवावी आणि पाच वेळा आत व वर दाब द्यावा. हे आलटून पालटून करत लगेच मदत बोलवावी. घशात आंधळेपणाने बोट घालू नये, वस्तू आणखी खोल जाते. खेळण्यातला चपटा गोल सेल गिळला गेला तर मुळीच वाट पाहू नका. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांतही आत भाजतो. थेट मोठे रुग्णालय गाठा.

लाल-काळी गुंज दिसायला सुंदर, पण विषारी आहे. एरंड व मोगली एरंडाच्या बियाही तशाच. त्या खेळात नकोत. हळदीला लाल करण्यासाठी चुना घालू नका. चुन्याची पुडी दाबली की फुटते आणि चुना डोळ्यात उडून बुबुळ भाजते. तसे झालेच तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मग नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. ऑइलपेंट आणि नेलपॉलिशही मुलांपासून दूर ठेवा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

दीड वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल आणि दुसरा हात मुठीतच ठेवत असेल, वर्ष-सव्वा वर्षाला चिमटीत काही धरत नसेल, किंवा आधी येत असलेले काम पुढे करेनासे झाले असेल तर तपासणी करावी. माती, खडू, भिंतीचे पोपडे आवडीने खाणाऱ्या मुलात पुष्कळदा लोहाची कमतरता असते. त्याला रागावण्यापेक्षा त्याचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. तीन-चार वर्षांचे मूल डावखुरे निघाले तर तो आजार नव्हे. त्याचा हात बांधू नका, बदलायलाही लावू नका.

आणि मोबाईल?

मोबाईलच्या काचेवर बोट सरकवायला ना ताकद लागते, ना चिमूट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांपर्यंत मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तमच. मूल जेवत नाही, काम सुचू देत नाही, म्हणून मोबाईल दिला जातो हे खरे. पण स्वयंपाक करणाऱ्या आईशेजारी कणकेचा गोळा घेऊन बसलेले मूलही तितकेच गुंतते, आणि त्याचा हात घडत असतो.

अक्षर पुढे सुधारते. सहा-सात वर्षांचे मूल जे महिनाभरात शिकते, ते चौथ्या वर्षी वर्षभर रडत शिकवण्यात काय हशील? शाळेतून लेखनाचा तगादा असेल तर बाईंना भेटून हे शांतपणे सांगावे. बहुतेक शिक्षिकांना ते पटते. पुष्कळदा पालकच वह्या भरलेल्या पाहण्याचा आग्रह धरतात, म्हणून त्यांचाही नाइलाज होतो. तेव्हा आज संध्याकाळी कणीक मळाल तेव्हा मूठभर जास्त मळा.