दोन काडेपेट्यांएवढा वी

दोन काडेपेट्या शेजारी शेजारी ठेवा. साधारण तेवढ्या जागेत, 60 मिलिमीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि 16 मिलिमीटर जाड अशा अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत, 2024 साली काही हौशी लोकांनी निन्टेन्डोचा वी हा गेम कन्सोल बसवून दाखवला. वीची नक्कल नव्हे, खुद्द वी. 2006 साली बाजारात आलेल्या या यंत्राचा अस्सल मदरबोर्ड कापून जो तुकडा उरला, तो त्या डबीत आहे आणि त्यावर खेळ चालतात.

हा छंद असलेली माणसं जगभर आहेत. टीव्हीला जोडायचा कन्सोल घ्यायचा, त्याचा मदरबोर्ड कापून लहान करायचा, त्याला पडदा, बॅटरी आणि बटणं जोडायची आणि तो हातात धरून खेळायचा. ऐकायला हा अघोरीपणा वाटतो. चालतं यंत्र कोणी करवतीखाली घालतं का?

या वेडाला चेहरा दिला तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या बेन हेकेन्डॉर्नने. 2000 साली त्याने अटारी 2600 हातात मावेल एवढा केला. 1977 सालच्या त्या यंत्राची रॅम फक्त 128 बाइट होती आणि महत्त्वाच्या चिपा मोजून तीन. लाकडी नक्षीचा खोका मात्र केवढा मोठा! पुढे 2005 साली त्याने या उद्योगावर पुस्तकच लिहिलं. त्या काळी पडद्याची मोठी अडचण असे. सोनीने छोट्या पीएस वन कन्सोलसाठी काढलेला 5 इंची पडदा मिळाला की लोक खूश व्हायचे. कंपन्यांनीही हे करून पाहिलं होतं. सेगाने 1995 साली आपल्या जेनेसिस कन्सोलला हातात धरता येईल असं रूप दिलं, नाव नोमॅड. सहा पेन्सिल सेल घालायचे आणि खेळ रंगात येतो न येतो तोच ते बदलायचे.

आपल्याकडच्या नव्वदीतल्या मुलांनी हे आक्रसणं वेगळ्या रूपात पाहिलेलं आहे. टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्त व्हिडिओ गेमचं झाकण काढलं, की आत जवळपास मोकळं मैदान आणि मधोमध काळ्या लुकणाचा एक ठिपका. निन्टेन्डोच्या 1983 सालच्या फॅमिकॉममध्ये प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप वेगवेगळ्या होत्या; नकलाकारांनी त्या दोन्ही एकाच ठिपक्यात कोंबल्या होत्या. तो मात्र कारखान्याचा उद्योग. घरच्या टेबलावर बसून चिपच्या आत कोणाला शिरता येत नाही. त्याला फक्त चिपच्या भोवतालचं कापता येतं.

आणि भोवताली बरंच असतं. वीमध्ये खरं काम दोघांचं: आयबीएमचा 729 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ब्रॉडवे आणि एटीआयची चित्रांची चिप हॉलिवूड. शेजारी 64 एमबी मेमरी. हे सगळं मिळून तळहातही भरत नाही. उरलेली जागा तबकडी फिरवणारा ड्राइव्ह, निन्टेन्डोच्याच जुन्या गेमक्यूब कन्सोलच्या कंट्रोलरची सॉकेटं, वायफाय, ब्लूटूथ आणि वीज वाटणारी यंत्रणा यांनी व्यापलेली. वाड्यात राहणारी माणसं दोन आणि ओसऱ्या-पडव्याच जास्त, असा प्रकार.

कापायचं हत्यार म्हणजे हातात धरायचं छोटं ग्राइंडर. पण कापण्याआधी नकाशा हवा. मदरबोर्ड ही एक पाटी दिसते, प्रत्यक्षात ते थर असतात. पापुद्र्याखाली पापुद्रा, आणि प्रत्येक थरात तांब्याच्या वाटा. वरून मोकळी दिसणारी जागा आतून भरलेली असू शकते. म्हणून पहिल्या काही लोकांनी बंद पडलेले बोर्ड थराथराने घासून कोणती वाट कुठे जाते ते शोधलं. इतरांच्या करवती आज त्यांच्याच नकाशांवरून फिरतात. कापताना उडणारी धूळ काचतंतूंची, म्हणून तोंडाला मास्क हवाच. कापून झालं की कडा बारीक पॉलिश पेपरने घासायच्या, कारण पात्याने तांब्याचे थर एकमेकांवर लिंपलेले असतात. मग मल्टिमीटर. नको तिथे 'बीप' वाजला, की पुन्हा घासायचं.

कापाबाहेर गेलेल्या काही चिपा परत बोलवाव्या लागतात. त्यात 512 एमबीची फ्लॅश मेमरी असते. ती उपटून, केसासारख्या इनॅमलच्या तारांनी पुन्हा तुकड्याशी जोडायची. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे असते तीच जात, फक्त कितीतरी बारीक. इथे एक गंमत आहे. दुसऱ्या वीची फ्लॅश जशीच्या तशी इथे चालत नाही. तिच्यातला मजकूर कुलूपबंद असतो आणि प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी, ती हॉलिवूडच्या पोटात कोरलेली. जोडी फुटली की संपलं.

मला स्वतःला यातला सगळ्यात सुंदर भाग विजेचा वाटतो. वीचा मूळ अ‍ॅडॉप्टर 12 व्होल्टचा. आत त्यातून 1, 1.15, 1.8 आणि 3.3 व्होल्ट असे चार वेगळे दाब काढावे लागतात. ही कामं करणारा भाग कापून टाकलेला, म्हणून छोटे रेग्युलेटर बाहेरून लावायचे. एक व्होल्ट म्हणजे किरकोळ, असं वाटतं. पण दाब कमी तिथे प्रवाह जास्त. समजा 4 अँपिअर वाहतायत आणि तारेचा रोध फक्त 0.05 ओहम आहे. वाटेतच 0.2 व्होल्ट गळाले! 12 व्होल्टला ही गळती जाणवलीही नसती. इथे पाचवा हिस्सा गेला. म्हणून या तारा जाड आणि आखूड. घरचे नळ लांबवर नेले की दाब पडतो, हे चाळीत राहिलेल्याला समजावून सांगायला नको.

खेळताना वी साधारण 17 वॅट खातो. 18650 नावाचे दोन लिथियम सेल, प्रत्येकी 3.6 व्होल्ट आणि 3 अँपिअर-तास, मिळून 21.6 वॅट-तास देतात. पडदा न धरताही सव्वा तासात खेळ खलास. यावर उपाय चिपांचं व्होल्टेज थोडं उतरवायचा. चिपची मुख्य खपत व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे 1 चा 0.9 केला तर ती 19 टक्क्यांनी घटते. सगळ्याच चिपा हा उपास सोसत नाहीत. कोणती कुठवर टिकते ते चालवूनच कळतं.

ड्राइव्ह गेला, मग खेळ कुठून येणार? यूएसबीवरून. त्यासाठी करवत लावण्याआधीच यंत्राची समजूत काढावी लागते, कारण मूळ प्रणाली सुरू होताना ब्लूटूथसारख्या गायब भागांवर अडून बसते. परका प्रोग्रॅम चालू न देणारं वीचं कुलूप उघडल्याची कथा तर कादंबरीत शोभावी. वी जुन्या गेमक्यूबच्या रूपात चालताना मेमरीचा थोडाच भाग उघडा असतो. बाकीचा झाकलेला, पण पुसलेला नसतो. काही जणांनी मेमरीच्या पत्त्याच्या वाटांवर चक्क चिमटा टेकवला आणि झाकलेला भाग खिडकीत सरकवून किल्ल्या वाचल्या. त्यावरून टोळीचं नाव पडलं टीम ट्वीझर्स. 2008 मध्ये त्यांनी झेल्डा मालिकेतल्या एका खेळातली चूक वापरली: जतन केलेल्या फाइलमध्ये घोडीला अवाढव्य लांबीचं नाव द्यायचं. खेळ ते न मोजता उतरवून घेई आणि नावाचं शेपूट प्रोग्रॅम म्हणून चालू लागे.

आता कोणी म्हणेल, हा खटाटोप कशाला? डॉल्फिन हा एमुलेटर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम, 2003 पासून आहे, आणि गेमक्यूब-वीचे खेळ तो आज फोनवरही चालवतो. खरं आहे. सोय हवी असेल तर तोच घ्यावा. पण एमुलेटरवर खेळ असतो, यंत्र नसतं, आणि या लोकांची भूक यंत्राची आहे. संग्राहक त्यांच्यावर चिडतात. दुर्मीळ कन्सोल कापला तर मीही चिडेन. वी मात्र 10 कोटी 16 लाख खपला. त्यातले कित्येक मोडक्या ड्राइव्हमुळे माळ्यावर पडलेत. त्यांच्यावरून अश्रू ढाळण्यात अर्थ नाही.

त्या दोन काडेपेट्यांएवढ्या वीत पंखा नाही; अ‍ॅल्युमिनियमची डबीच उष्णता बाहेर टाकते. बॅटरी नाही आणि पडदाही नाही. खेळायचं तर तो एका बैठकीवर चिकटवावा लागतो, आणि तिथे वीज, टीव्ही आणि गेमक्यूबच्या कंट्रोलरसाठी सॉकेटं लावलेली आहेत. कापून फेकलेली ओसरी अशी मागच्या दाराने परत आली.