मायक्रोसिमेंटवर हळद सांडली तर? डाग, लिंबू आणि सीलरचं गणित

इन्स्टाग्रामवर घरसजावटीचे रील्स बघत असाल, तर तो करड्या रंगाचा, कुठेही सांधा नसलेला ओटा किंवा तशीच बाथरूमची भिंत तुमच्या नजरेखालून नक्की गेली असेल. त्याला मायक्रोसिमेंट म्हणतात. जुन्या टाइल्स न फोडता थेट त्यांच्यावर लावता येतं, म्हणून पुण्या-मुंबईच्या फ्लॅट्समध्येही आता ते दिसायला लागलंय. रीलमध्ये एक गोष्ट मात्र कधी दाखवत नाहीत. त्या ओट्यावर रोज फोडणी पडायला लागली की काय होतं?

आमच्याकडे ओटा आणि बाथरूम दोन्ही मायक्रोसिमेंटचे आहेत. रंग पसंत करायला कारागिराने आणलेला फूटभर नमुन्याचा तुकडा माझ्याकडे राहिला होता. त्यावर मी हळद, लिंबू, चहा, तेल असं सगळं मुद्दाम सांडून बघितलं. फोनवर टायमर लावला, दर थोड्या वेळाने फोटो काढले. या लेखातलं बरंचसं त्या तुकड्यावरून आलंय, बाकीचं शाळेतल्या आम्ल-आम्लारीच्या धड्यातून.

तुम्ही सिमेंट पुसतच नाही

मायक्रोसिमेंट म्हणजे सिमेंट, अगदी बारीक खनिज पूड, रंग आणि पॉलिमर यांचं मिश्रण. थापीने पातळ थरांवर थर देत त्याची जाडी साधारण २ ते ३ मिलीमीटर होते. हाताला कितीही गुळगुळीत लागलं तरी सिमेंटला सूक्ष्म छिद्रं असतात आणि ती पाणी, तेल, रंग सगळं पिऊन घेतात. म्हणून शेवटी वरून पारदर्शक सीलर मारतात. बहुतेक ठिकाणी तो पॉलीयुरेथेनचा, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘पीयू’चा असतो. काही ठिकाणी ॲक्रिलिक किंवा मेणाचाही असतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर सीलर म्हणजे स्क्रीनगार्ड. रोज तुम्ही पुसता ते सिमेंट नाही, हा केसाएवढा पातळ थर आहे. तो शाबूत आहे तोवर जवळपास काहीही सांडलं तरी निभावतं. तो गेला की साधा चहासुद्धा आत उतरतो. फरक एवढाच की स्क्रीनगार्ड कोपऱ्यावरच्या दुकानात पाच मिनिटांत बदलून मिळतो. इथे पृष्ठभाग घासून पुन्हा कोट मारावा लागतो आणि तेवढे दिवस ओटा बंद.

म्हणून डाग दिसला की घासायला धावू नका. आधी तो कुठल्या जातीचा आहे ते बघा. जाती दोनच. एक म्हणजे रंग बसलेला डाग, दुसरा म्हणजे खाल्लेला डाग. पहिल्यात सीलर ठीक असतो, वर किंवा किंचित आत रंग राहिलेला असतो. दुसऱ्यात सीलर किंवा खालचं सिमेंटच झिजलेलं असतं. पहिला साफ होऊ शकतो. दुसरा कितीही साफ केला तरी जाणार नाही, कारण तिथे काढण्यासारखं काही उरलेलंच नाही.

ओळखायला फोन पुरतो. खोलीतले दिवे बंद करा, फोनचा टॉर्च लावा आणि फोन पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. प्रकाश तिरका पडला की चमक सगळीकडे सारखी आहे का ते लगेच कळतं. चमक सारखी पण रंग वेगळा असेल तर तो बसलेला डाग. रंग तोच पण चमक मेली असेल, कडा उठून दिसत असेल, तर खाल्लेला. मग त्याच जागी पाण्याचा एक थेंब ठेवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. थेंब तसाच गोल बसून राहिला तर सीलर काम करतोय. थेंब पसरून खालचा भाग गडद झाला तर सीलर गेलाय.

लिंबू, चिंच, आगळ

आजीच्या घरी कडप्प्याचा काळा ओटा असेल तर त्यावरचे पांढुरके डाग आठवतात का? कडप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबाचा रस त्यावर राहिला की दगड थोडा विरघळतो आणि तिथला काळेपणा जातो. सिमेंटही चुनखडीपासूनच बनतं आणि आम्लाला तेवढंच घाबरतं. ग्रॅनाइटला लिंबाचं फारसं काही वाटत नाही. ग्रॅनाइटच्या ओट्यावर वाढलेल्या आपल्या पिढीला म्हणूनच ती सवय राहिलेली नाही.

माझ्या तुकड्याच्या मागच्या, सीलर नसलेल्या बाजूवर लिंबू पिळल्याबरोबर बारीक बुडबुडे आले. तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सिमेंटमधला चुना खाल्ला जातोय. पुढच्या, सीलर असलेल्या बाजूवर दहा मिनिटांनी पुसलं तर काहीच नाही. रात्रभर ठेवलेल्या थेंबाने मात्र एक फिकट कडं सोडलं, टॉर्चशिवाय न दिसणारं. म्हणजे सीलर वाचवतो, पण वेळ विकत घेऊन देतो, एवढंच.

लिंबाच्याच यादीत चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ, व्हिनेगर, टोमॅटो, दही आणि कोला येतात. यातलं काही सांडलं तर टिपून घ्या. पसरवत पुसू नका, वरून कापड दाबा. मग साध्या पाण्याचा ओला फडका, मग कोरडा. कापलेलं लिंबू ओट्यावर उपडं ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही, बस्स.

हळद: थोडी गंमत, थोडा संयम

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात मात्र मस्त विरघळतं. म्हणून कोरडी हळद सांडली तर ती फुंकरीने किंवा कोरड्या कापडाने निघते आणि फोडणीतली हळद चिकटते. कोरड्या हळदीवर आधी पाणी टाकायचं नाही, हा पहिला नियम.

तेलातली हळद असेल तर टिशूने तेल टिपा. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून मऊ कापडाने पुसा. भांड्याची वडी नको. तिच्यात घासणारी खनिज पूड असते आणि ती आम्लारीधर्मीही असते. वडीचा किंवा कपड्यांच्या साबणाचा फेस लागला तर पिवळा डाग अचानक लाल होईल. घाबरू नका, नवीन डाग पडलेला नाही. हळद आम्लारीत लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करायची जुनी पद्धत ती हीच. साध्या पाण्याने साबण धुवून काढला की डाग परत पिवळा होतो.

उरलेली फिकट पिवळी छटा? ती उजेडावर सोडून द्या. कर्क्युमिन प्रकाशात विघटित होतं. लोणच्याची बरणी किंवा हळद लागलेला शर्ट उन्हात ठेवल्यावर डाग फिका पडतो, तसंच. माझ्या तुकड्यावर रात्रभर ठेवलेल्या हळदीचा डाग पुसल्यावरही दिसत होता. गॅलरीत उन्हात ठेवल्यावर दोन-तीन दिवसांत तो शोधावा लागला. ओटा गॅलरीत नेता येत नाही हे मान्य, पण खिडकीतून येणारा उजेडही काम करतो, फक्त वेळ जास्त घेतो. घासून सीलर घालवण्यापेक्षा आठवडाभर पिवळा ठिपका बघणं मी केव्हाही पत्करेन.

सॅनिटायझरने हळद निघते असं कोणी सांगेल. कर्क्युमिन अल्कोहोलमध्ये विरघळतं, त्यामुळे ते खोटं नाही. पण सीलर ॲक्रिलिकचा असेल तर अल्कोहोलने तो मऊ पडू शकतो. आधी मिक्सरमागच्या, कोणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र कुठल्याच कोपऱ्यात नको.

चहा-कॉफीचं फार काही नाही. ताजं असेल तर पाण्याने जातं, वाळलं असेल तर कोमट साबणपाण्याचा फडका दहा मिनिटं वर ठेवायचा. पणतीखाली तेल झिरपलं आणि सीलर तिथे विरळ असेल, तर टाल्कम पावडरचा जाड थर देऊन रात्रभर ठेवा, सकाळी झाडून घ्या, गरज पडली तर पुन्हा. गॅस सिलेंडरच्या बुडाचं गंजाचं कडं हे प्रकरण वाईट, कारण गंज काढणारी बहुतेक औषधं आम्लाचीच असतात. सिलेंडर चाकाच्या ट्रॉलीवर ठेवा. गरम तवा आणि कुकर थेट ओट्यावर टेकवायचे नाहीत, कारण उष्णतेने सीलर मऊ पडतो. तो डाग कापडाने निघणारा नसतो.

बाथरूम: खरी लढाई इथे आहे

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायटीत नळाखाली, भिंतीवर पांढरे क्षार बसतात. आपल्याकडे त्यावरचा उपाय ठरलेला: ॲसिड. बाटलीतलं सुटं ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर, ज्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. टाइलवर ते चालून जातं, कारण टाइलवर काचेसारखा थर असतो. मायक्रोसिमेंटवर अडचण अशी की तो पांढरा क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आणि सिमेंटमध्येही कॅल्शियमचीच संयुगं. ॲसिडला दोघांतला फरक कळत नाही. क्षार खाऊन झाला की ते खालच्या थराकडे वळतं.

त्यामुळे इथे क्षार काढण्यापेक्षा बसू न देणं सोपं. आंघोळ झाली की वायपरने भिंत आणि फरशी ओढायची. अर्धं मिनिट लागतं. पाणी वाळलंच नाही तर क्षार मागे राहत नाही. कमोड साफ करताना क्लीनरचे थेंब बाजूच्या फरशीवर उडाले तर लगेच भरपूर पाणी ओता.

आता जे सांगतोय ते मायक्रोसिमेंट सोडा, कुठल्याही बाथरूमसाठी. ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका. एकावर दुसरं ओतूही नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. बंद, छोट्या बाथरूममध्ये तो डोळ्यांना, घशाला आणि फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. चुकून झालंच तर ते साफ करत बसू नका, बाहेर या, दार-खिडक्या उघडा आणि त्रास होत असेल तर डॉक्टरकडे जा. बऱ्याच घरांत साफसफाई आपण करत नाही, कामाला येणाऱ्या मावशी करतात. बाटलीवरची इंग्रजी सूचना त्यांनी वाचलेली असेल असं धरून चालू नका. ॲसिड आणि ब्लीच वेगवेगळ्या जागी ठेवा आणि हे त्यांना नीट समजावून सांगा. नव्या फरशीचं मोल कळतं, मग त्यांच्या श्वासाचंही कळायला हवं.

रील्समधले उपाय

बेकिंग सोडा आणि व्हिनेगरचा फसफसणारा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. फेस छान दिसतो, पण सोडा आम्लारी, व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांना संपवतात. मागे उरतं बहुतेक पाणी, थोडं सोडियम ॲसिटेट आणि हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड. व्हिनेगर जास्त पडलं तर उरलेलं तेवढं तुमच्या ओट्यावर. नुसता बेकिंग सोडाही जोरात घासला तर मॅट पृष्ठभागावर ओरखडे येतात.

पांढरा ‘मॅजिक’ स्पंज पाण्यानेच डाग काढतो ते खरं, पण तो मेलामाइनचा असतो आणि अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतो. डाग जाईल आणि त्या जागी चकचकीत ठिपका उरेल. फोनच्या काचेवर बोटांचे ठसे न बसू देणारा थर असतो, तो चुकीच्या क्लीनरने घासून घासून जातो, त्याचाच हा मोठा भाऊ.

मग रोज काय वापरायचं? पीएच न्यूट्रल असं लिहिलेलं फ्लोअर क्लीनर किंवा पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे थेंब, मायक्रोफायबर कापड, शेवटी साध्या पाण्याचा हात. लेबलवर लिंबाचं चित्र आहे म्हणजे आत आम्ल असेलच असं नाही, तो बऱ्याचदा नुसता वास असतो. शंका असेल तर पीएच पट्ट्या ऑनलाइन मिळतात. पट्टी बुडवायची, रंग जुळवायचा, ७ च्या आसपास आला की झालं.

घरात काम अजून व्हायचं असेल तर कारागिराला सीलरचं नेमकं नाव विचारा, डब्याचा फोटो काढून ठेवा आणि त्या नावापुढे ‘टीडीएस’ लिहून सर्च करा. टेक्निकल डेटा शीटची पीडीएफ बहुतेक कंपन्यांच्या साइटवर असते. इंग्रजी जड वाटलं तर गुगल लेन्सने मराठीत वाचा. त्यात दोन गोष्टी शोधा: कोणती रसायनं चालतात आणि पूर्ण सुकायला किती दिवस लागतात. वर चालता आलं म्हणजे सीलर तयार झाला असं नसतं. पूर्ण कडक व्हायला उत्पादनानुसार आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो आणि तेवढ्यात पडलेला डाग सगळ्यात चिवट असतो. वास्तुशांतीच्या जेवणाची तारीख ती पीडीएफ बघून ठरवा.

आणि थेंबाची चाचणी दर काही महिन्यांनी सिंकजवळ आणि शॉवरखाली करत राहा, सगळ्यात आधी तिथला सीलर जातो. थेंब आत उतरायला लागला की डाग पडायची वाट न बघता कारागिराला बोलवा. नुसता सीलरचा कोट परत मारणं हे खालच्या थरासकट काम करण्यापेक्षा खूप स्वस्तात होतं.