दुकानाला एक पट्टा, कारखान्याला दुसरा

पूर्णेवरच्या धरणाचं गाव सिद्धेश्वर. औंढा नागनाथ तालुक्यातल्या अशा गावात गावठाणात पिठाची गिरणी, किराणा आणि वेल्डिंगचं दुकान एकाच ओळीत दिसलं, तर कुणाला नवल वाटत नाही. शहरात मात्र विकास आराखड्याचा नकाशा आडवा येतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना 2020ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे; मुंबई महापालिका तिच्याबाहेर.

आराखड्यातल्या वाणिज्य पट्ट्यात (झोनमध्ये) दुकानं, कार्यालयं, हॉटेलं चालतात आणि वर राहताही येतं. औद्योगिक पट्ट्यात कारखाने आणि गोदामं. राहायला फार तर चौकीदार-कामगारांची सोय. पण परवानगी घेऊन औद्योगिक जमिनीवर घरं बांधता येतात. जुन्या कारखान्यांच्या जागी मनोरे उठतात ते या वाटेनं. ही सवलत मला जरा सैलच वाटते.

पिठाची गिरणी गंमतशीर: ठरावीक अश्वशक्तीपर्यंत ती निवासी पट्ट्यातही चालते. बोट ठेवलं जातं ते मोटरीवर, आवाजावर, धुरावर. हिंगोलीजवळ लिंबाळा मक्त्याला एमआयडीसी आहे; तिथे नियम महामंडळाचे स्वतःचे. प्लॉट घेण्याआधी नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढावा. सातबाऱ्यावर पट्टा दिसत नाही.