परिचारिकेचे घरबसल्या काम

तीन-चार वर्षे शिकून परिचारिका झालेली मुलगी बाळंतपणानंतर नोकरी सोडते. मग तिची विद्या वाया गेली म्हणायची काय? इंटरनेट गावोगाव पोचल्यावर तसे म्हणण्याचे कारण नाही. रुग्णालयातून घरी गेलेल्या रोग्यांची फोनवर विचारपूस करणे, विमा कंपनीसाठी उपचारांची कागदपत्रे तपासणे, नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवणे, ही कामे घरूनही होतात. रोगांना व उपचारांना ठरलेले सांकेतिक क्रमांक देणे, म्हणजे मेडिकल कोडिंग, हेही त्यातलेच. मात्र ते वेगळे शिकावे लागते बरे!

पण आपली मर्यादा ओळखावी. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे दुरून औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचाच. परिचारिकेने माहिती सांगावी, धीर द्यावा, आणि धोक्याचे लक्षण दिसले की रोग्याला डॉक्टरकडे धाडावे. परिचर्या परिषदेकडील आपली नोंदणीही चालू ठेवावी. नोकरी सुटली तरी ती सुटू देऊ नये.

आणखी एक. काम देण्याआधीच जो पैसे मागतो, तो ठग समजावा. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. गुरुजींनो, गावातल्या लेकीसुनांना एवढे अवश्य सांगा.